दल्ल्याचे नाणे आणि ‘दिरहम’ शब्दाचा गुंता

संयुक्त अरब अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावरील दल्ला, म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारख्या तोटीचे कॉफीचे भांडे, सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या मानाने नाण्याच्या नावामागचा गुंता फारसा कोणी उलगडत बसत नाही.

1966 पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. सोन्याच्या तस्करीपायी भारताच्या परकीय गंगाजळीला लागलेली गळती थांबवण्यासाठी 1959 पासून आखातापुरत्या वेगळ्या रंगांच्या रुपयाच्या नोटा काढण्यात आल्या होत्या. मात्र 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्यासोबत याही नोटांची किंमत घसरली. पुढे दुबईने कतारच्या जोडीने रियाल काढला, तर अबू धाबीने बहरीनचा दिनार स्वीकारला.

खरी गंमत इथे आहे. त्या रियालच्या शंभराव्या भागालाच दिरहम म्हणत असत, तर बहरीनच्या दिनाराचे हजार फिल्स होत. 19 मे 1973 रोजी नवे चलन आले, तेव्हा एका दिरहमचे शंभर फिल्स, एका रियालला एक दिरहम आणि एका दिनाराला दहा दिरहम असा हिशेब ठरला. म्हणजे अबू धाबीत फिल्सची किंमत होती तीच राहिली. दुबईत मात्र कालपर्यंत चिल्लरीचे असलेले नाव एका दिवसात मुख्य चलनाला मिळाले. रियाल किंवा दिनार यांपैकी एक नाव ठेवले असते तर एका अमिरातीने दुसरीचे चलन मानल्यासारखे दिसले असते, हे मान्य केले तरी हा बदल दुबईतील दुकानांच्या गल्ल्यांवर सहज पचला असेल असे वाटत नाही. कतारमध्ये तर आजही रियालचे 100 दिरहमच होतात.

25 फिल्सवर हरण आले, 50 फिल्सवर तेलविहिरींचे मनोरे. किंमत अरबी अंकांत असल्याने पन्नासातला पाच मराठी डोळ्यांना शून्यासारखा दिसतो आणि त्यापुढचे खरे शून्य नुसत्या ठिपक्यासारखे.

1995 मध्ये दिरहमचा व्यास 28.5 वरून 24 मिलिमीटरवर आणण्यात आला आणि 50 फिल्सचे नाणे सप्तकोनी झाले. सात बाजू म्हणजे सात अमिराती हा मेळ मोहक असला, तरी ब्रिटनचे 50 पेन्सचे नाणे 1969 पासून याच आकाराचे आहे. आटलेल्या दिरहमची अडचण वेगळीच निघाली: फिलिपिन्सचा एक पेसोही तेव्हा 24 मिलिमीटरचाच होता, आणि कित्येक पटींनी स्वस्त असलेला तो पेसो अमिरातीतील नाणेयंत्रे दिरहम समजून मुकाट्याने गिळू लागली.