सीईए 6 आलं म्हणजे कर्करोग पसरला का?

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला, की बहुतेक वेळा पहिला मुक्काम यकृतात. आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी तिथेच जातं ना! हा प्रसार वेळेत हेरायला रोजच्या वापरात आहे ते रक्तात मोजलं जाणारं सीईए (कार्सिनोएम्ब्रायोनिक अँटिजेन) हे प्रथिन. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते 1965 मध्ये शोधलं.

सीईए निरोगी आतड्यातही बनतं, पण पेशींच्या आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूवर असतं आणि मळावाटे निघून जातं. कर्करोगाच्या पेशींना आत-बाहेरचं भान राहत नाही. त्या चहूबाजूंनी सीईए सोडतात आणि ते रक्तात उतरतं.

साधारण मर्यादा मिलिलीटरला 5 नॅनोग्रॅम. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मुळातच थोडं जास्त. यकृताचा विकार, पित्तमार्गातला अडथळा, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा जुना दाह यांतही ते वाढतं. म्हणून 6 या एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. सुरुवातीच्या गाठीत सीईए अनेकदा नॉर्मलच असतं, त्यामुळे ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ते करून घेणं म्हणजे खोटा दिलासा किंवा फुकटची धास्ती विकत घेणं.

खरा उपयोग आकड्यांच्या रांगेचा. पहिली तपासणी ऑपरेशनच्या आधी. गाठ पूर्ण निघाली असेल तर रक्तातलं सीईए साधारण 3 ते 7 दिवसांत निम्मं होतं. समजा आधी 24 होतं आणि निम्मं व्हायला आठवडा लागतो: मग 12, 6, तिसऱ्या आठवड्याला 3. म्हणून पुढची तपासणी 4 ते 6 आठवड्यांनी. तेव्हाही ते चढंच राहिलं, तर कुठेतरी काही उरलंय का हे शोधावं लागतं. पुढे दोन वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षं पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. आकडा वाढला तर आधी तपासणी पुन्हा करायची. वाढ कायम असेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन. मात्र नॉर्मल आकड्यावर विसंबून ठरलेला स्कॅन टाळू नये, कारण काही गाठी परतल्या तरी सीईए हलत नाही.

घोटाळे होतात ते इथे. मध्येच लॅब बदलली की यंत्र बदलतं, आणि 4.1 चं 5.6 होऊ शकतं. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या केमोत पहिले 4 ते 6 आठवडे सीईए उगाच उसळी घेऊ शकतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही यंत्रांवर ते खोटं कमी दिसतं, तेव्हा रक्त देण्याआधी लॅबला सांगावं.

गाठीच्या तुकड्यातली प्रथिनंही बोलतात. बर्लिनच्या संशोधकांनी 2009 मध्ये मॅक-1 (एमएसीसी-1) मांडलं. ते जास्त असलेल्या गाठी दूरवर पसरण्याची शक्यता अधिक. पण ते रंगवून दाखवणारी अँटीबॉडी कुठली वापरायची आणि ‘जास्त’ म्हणजे किती, यावर एकमत नसलं की असं प्रथिन रिपोर्टच्या कागदावर येत नाही. एमएलएच-1, पीएमएस-2, एमएसएच-2, एमएसएच-6 या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी मात्र आता नेहमीची. यातलं एखादं नाहीसं झालेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या गाठी परतण्याची शक्यता कमी, आणि तिथे एकट्या फ्लुरोयुरॅसिल या केमोच्या औषधाचा फायदा होत नाही. फक्त स्लाइड नीट पाहावी लागते: गाठीतल्या पेशींची केंद्रकं रंगली नसतील, पण शेजारच्या लिम्फोसाइटची (निरोगी पांढऱ्या पेशींची) तपकिरी झाली असतील, तरच प्रथिन गेलं म्हणायचं. दोन्ही कोरी असतील तर बहुधा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरलेला नाही, तपासणीच फसली.