ट्रकच्या इंधनयंत्रणेतील दोष आणि रिकॉल : बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील गाडीमालकांसाठी माहिती

डिझेलची टाकी, पाइप, पंप किंवा इंजेक्टर यांत कारखान्यातूनच दोष राहिला असेल आणि तोच दोष त्या जातीच्या अनेक गाड्यांत दिसत असेल, तर कंपनीने त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्यात, बदलून द्याव्यात किंवा किंमत परत करावी, म्हणजेच ‘रिकॉल’ करावा, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने झाली. तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला तर तिला दंड होत नाही. सरकारला आदेश काढावा लागला तर दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गाडी तयार झाल्याच्या तारखेपासून सात वर्षांच्या आतली असावी. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याने खरेदीची नव्हे, तर निर्मितीची तारीख आरसीवर पाहावी. तक्रार केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरील रिकॉल विभागात नोंदवायची असते. ट्रक व बसच्या बाबतीत त्या जातीच्या वार्षिक विक्रीच्या तीन टक्के तक्रारी जमल्यावर सरकारी चौकशीचा मार्ग खुला होतो, त्यामुळे एकाच जातीच्या गाड्या असलेल्या मालकांनी तोंडी कुरकुर न करता प्रत्येकाने आपली तक्रार वेगळी नोंदवणे शहाणपणाचे आहे.

तक्रारीपूर्वी आरसी, चेसिस नंबर, विमा, शोरूमची जॉबकार्डे (दुरुस्तीच्या कामाची नोंद असलेले कागद), बिले आणि गळतीचे तारखेसह फोटो जवळ ठेवावेत. जॉबकार्डवर ‘डिझेल लिकेज’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेला कागद पुढे फारसा उपयोगी पडत नाही. बाहेरच्या फिटरकडून जादा टाकी बसवली असेल, तर दोष मूळचाच आहे हे दाखवणे अवघड जाते. चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरणाऱ्या गाडीत गळतीचा वास आला, तर कागदांची वाट न पाहता गाडी उभी करावी.

आपल्या भागात खरी अडचण नावाची आहे. कोल्हापूरकडून घेतलेल्या अनेक ट्रकांवर अजून एमएच ०९ चा नंबर आणि मूळ मालकाचे नाव असते, आणि रिकॉलची सूचना पोहोचते ती नोंदणीवरच्या पत्त्यावर. अशा मालकाने विक्रेत्याकडून फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० घेऊन, आपल्या राहत्या भागाच्या आरटीओत, म्हणजे बेळगावला केए २२ किंवा चिकोडीला केए २३, नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. खरेदीदाराने मालकी बदलल्याची माहिती आरटीओला तीस दिवसांत द्यायची असते. बँकेचा बोजा असेल तर परत मिळणारी किंमत कर्जाच्या कराराच्या अधीन राहते, म्हणून बँकेलाही लेखी कळवावे.

स्वतःच्या एका गाडीपुरती भरपाई हवी असेल, तर वाट वेगळी आहे. व्यापारी वापरासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच ट्रक घेणारा मालक ग्राहक ठरतो आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. तिथे अर्जासोबत तीच जॉबकार्डे जोडावी लागतात.