मोर्चा आझाद मैदानातच का थांबतो?

मुंबईतला मोर्चा आणि आझाद मैदान हे समीकरण आज इतके पक्के झाले आहे की, हे मैदान आंदोलनांसाठीच राखलेले असावे असे वाटते. प्रत्यक्षात किल्ल्यावरच्या तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये म्हणून इंग्रजांनी फोर्टबाहेर एस्प्लनेड नावाचा जो पट्टा मोकळा ठेवला होता, त्याचाच हा उरलेला तुकडा आहे. १८७५ मध्ये त्याच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आला, बाकीच्या जागेत क्रिकेट रुजले आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींनी इथेच लाठ्या झेलल्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र लोक थेट रस्त्यावर उतरले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला; तोच आजचा हुतात्मा चौक. पुढे कित्येक वर्षे मोर्चे काळा घोड्यापर्यंत येत, तिथे पोलीस ते अडवत आणि निवेदन घेऊन शिष्टमंडळ तेवढे मंत्रालयात जाई. लोक आणि सरकार यांच्यात तेव्हा चालत जाण्याएवढेच अंतर होते.

ते १९९७ मध्ये वाढले. वाहतूक कोंडी आणि ध्वनिक्षेपकांना कंटाळलेल्या नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातील नागरिकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि दक्षिण मुंबईतील मोर्चे, धरणी आझाद मैदानाच्या एका भागापुरती बांधली गेली. रहिवाशांचा त्रास खरा होता, हे मान्य करायलाच हवे. पण सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येईल, त्या सरसकट बंद करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ मध्येच सांगितले होते. मैदान दिले म्हणजे हक्क दिला, असे मानणे मला पटत नाही, कारण तिथून मंत्रालय दिसतही नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांनी दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून, पायांना फोड आलेले असतानाही, रातोरात सायनहून हे मैदान गाठले. दरम्यान मेट्रो-३ च्या कामाने मैदानाचा काही भाग व्यापला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणाला पाच हजारांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, तेव्हा गर्दी सीएसएमटीच्या फलाटांवर आणि महापालिकेसमोरच्या रस्त्यावर पसरली आणि रस्ते मोकळे करण्यासाठी उच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले.