कारंज्यावरचा पांढरा थर: क्षार की बुळबुळ?

गेल्या महिन्यात नेरूळच्या ताईने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. हॉलमधल्या छोट्या कारंज्याची कड पांढुरकी झालेली आणि खाली एक ओळ: "तुझ्यासारखंच झालंय. व्हिनेगर घालते."

मी लगेच फोन लावला. "अगं ताई, थांब जरा. आधी बोट फिरवून बघ. खरखरीत लागतंय की बुळबुळीत?"

बुळबुळीत होतं. माझ्या घोडबंदर रोडच्या घरातलं कारंजं पांढरं झालं होतं ते खरखरीत होतं, नखाने टोकरलं तर खपलीसारखं निघणारं. फोटोत दोन्ही कारंजी जुळ्या बहिणींसारखी दिसत होती. पण एकीला जे औषध लागू पडतं त्याचा दुसरीला काही उपयोग नाही.

खरखरीत थर म्हणजे क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांत साचतं तेच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. समजा, भांड्यात तीन लिटर पाणी आहे, पंख्याखाली रोज अर्धा लिटर उडतं आणि आपण वरून तेवढंच भरतो. सहा दिवसांत त्याच भांड्यात क्षार दुप्पट झालेले असतात. "पाणी कमी झालं की भर घालते" ही सवय म्हणूनच महाग पडते. भर घालणं वेगळं आणि पाणी बदलणं वेगळं.

बुळबुळीत थर मात्र जिवंत असतो. जिवाणू एकमेकांना चिकटून स्वतःभोवती एक चिकट पडदा तयार करतात. उजेड मिळाला की त्यात शेवाळ येतं आणि थर हिरवा होतो. उजेड नसेल तर तो पांढुरका, दुधाळच राहतो आणि इथेच माणूस फसतो. उलटही होतं: खिडकीजवळच्या कारंज्यात क्षाराच्या खडबडीत थरावर शेवाळ धरतं, मग तो कडक क्षारही हिरवा दिसतो. म्हणून रंगावर विसंबून राहू नका. बोट फिरवा. तरीही शंका वाटली आणि कारंजं संगमरवरी नसेल तर पंप बंद करून, पाणी काढून, कोरड्या थरावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर क्षार. काहीच झालं नाही आणि कपड्याने पुसताच थर निघून आला तर बुळबुळ.

आमच्या दोघींच्या घरी वेगवेगळा थर का आला, ते शोधताना मला या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट कळली. ताई कारंज्यात आरओचं पाणी घालत होती. स्वच्छ पाणी, म्हणजे कारंजंही स्वच्छ राहील, असा तिचा सरळ हिशेब. त्या पाण्यात क्षार फारच कमी, त्यामुळे खरखरीत थर आला नाही हे खरं. पण नळाच्या पाण्यात जंतू रोखायला ठेवलेला थोडासा क्लोरीनही फिल्टरमध्येच निघून जातो. वर ती दर गुरुवारी त्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकायची. जिवाणूंना खायला मिळालं आणि अडवायला कुणी उरलं नाही.

मी नेमकं उलट करत होते. आरओमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच बादलीत धरून कारंज्यात ओतत होते. फिल्टरने गाळून बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. त्यात आमच्याकडे अधूनमधून टँकर येतो आणि टँकरचं पाणी बोअरचं असलं की ते बहुतेक वेळा जडच असतं. ताईकडे मोरबे धरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, त्या मानाने मऊ पाणी येतं. आरओमधून वाया जाणारं ते पाणी लादी पुसायला वापरा, संडासात ओता, पण कारंज्यात नको.

आता साफसफाई. दोन्ही थर एकत्र असतील, आणि बहुतेक वेळा असतातच, तर आधी बुळबुळ काढायची. चिकट पडदा वर असेल तर व्हिनेगर खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही. प्लग काढा, भांडं रिकामं करा, भांडी घासायच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने सगळे कोपरे घासा, नळीत बाटली धुवायचा बारीक ब्रश घाला. मग स्वच्छ धुऊन निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी तासभर ठेवा. वाण्याकडचं लिंबूसत्त्वही चालतं. थर जुना असेल तर पुन्हा एकदा करा. चाकूने खरवडू नका, त्या चरांत पुढचा थर लवकर धरतो.

बुळबुळ सारखी परत येत असेल तर ब्लीचचं अगदी पातळ पाणी दहा मिनिटं ठेवून भरपूर धुवा. पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही, अगदी चुकूनही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. मी दोन्ही एकाच दिवशी वापरतच नाही.

संगमरवरी कारंजं असेल तर व्हिनेगरही नको आणि लिंबूही नको. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. जे आम्ल थर विरघळवतं ते दगडालाही खातं आणि गेलेली झिलई पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. तिथे कोमट पाणी, मऊ ब्रश आणि धीर. तांब्याच्या भांड्यावरची निळसर हिरवट छटा हा तिसराच प्रकार, तांब्याचा हवा-पाण्याशी झालेला संयोग. त्याला शेवाळ समजून घासत बसू नका.

पंपाचं दुखणंही दोन थरांचं वेगवेगळं. पंप घरघरायला लागला तर आधी पाण्याची पातळी बघा. पाणी पुरेसं असूनही आवाज येत असेल तर बहुधा फिरत्या पात्यावर क्षार बसलाय. आवाज नाही पण धार बारीक झाली, तर तोंडाशी असलेला स्पंज बुळबुळीने भरलाय. पुढचं झाकण सरकवलं की पातं हाताने बाहेर येतं, त्याला चुंबक जोडलेलं असतं. महिन्यातून एकदा तेवढं धुतलं तरी पंप खूप टिकतो.

गणपतीला गावी जाताना मात्र कारंजं नुसतं बंद करून जाऊ नका. वाहत्या पाण्यात डास सहसा अंडी घालत नाहीत, साचलेल्या पाण्यात घालतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं पालिकेचे लोक सांगतात, ते कारंज्यालाही लागू आहे.

ताईने पाकळ्या आता शेजारच्या वाटीत ठेवायला सुरुवात केली आहे. कारंज्यात ती नळाचं पाणी घालते आणि दर रविवारी सगळं ओतून नवीन भरते. मी निम्मं नळाचं, निम्मं फिल्टरमधलं गाळलेलं घालते, टँकर आला त्या आठवड्यात फक्त फिल्टरचं. काल तिने पुन्हा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: "बोट फिरवलं. करकरीत."