चर्चमधील जरतारी धर्मवस्त्रे : घडण, मोड आणि जे उरले ते

ख्रिस्ती धर्मगुरू मिस्साच्या (चर्चमधील मुख्य उपासनेच्या) वेळी सर्वांत वर जे चॅझुबल घालतात, ते रोमन काळातील प्रवासी झग्यावरून आले. त्याला सोन्याचा साज नंतर चढला. इंग्लंडमधील डरहम येथील स्टोल (गळ्यात घालायची लांब पट्टी) आणि मॅनिपल (डाव्या हातावर घ्यायची पट्टी) ही त्याची जुनी साक्ष होय. त्यांवर भरलेल्या अक्षरांनुसार राणी एल्फ्लेडने ती बिशप फ्रिथस्टनसाठी करवून घेतली, म्हणजे ती साधारण 909 ते 916 या काळातील ठरतात. पुढे ती संत कथबर्टच्या शवपेटीत ठेवली गेली आणि 1827 मध्ये पेटी उघडल्यावर बाहेर आली.

तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडच्या या भरतकामाला युरोपभर मागणी होती. 1295 च्या पोपच्या भांडारयादीतही त्याची ठळक नोंद आहे. हे सारे मठवासिनींच्या हातचे, असा समज रूढ असला तरी लंडनमधील कारखान्यांत स्त्री-पुरुष कारागीर मजुरीवर काम करीत. त्यांची खरी करामत जर बसवण्यात होती. रेशमी दोऱ्याभोवती सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची पट्टी गुंडाळलेली जर कापडावर आडवी ठेवून, मागच्या बाजूने लिननच्या (जवसाच्या) दोऱ्याने तिचा बारीकसा फास खाली ओढून घेत. त्यामुळे वरून टाका दिसत नसे आणि सोन्याने भरलेले वस्त्रही अंगावर सहज दुमडे.

मात्र याच सोन्यामुळे अनेक वस्त्रांचा घात झाला. 1552 च्या प्रोटेस्टंट प्रार्थनाग्रंथाने इंग्लंडमध्ये चॅझुबल आणि कोप (खांद्यांवरून पांघरायचा लांब झगा) वर्ज्य ठरवले. त्या सुमारास राजाच्या अधिकाऱ्यांनी चर्चच्या मालमत्तेच्या याद्या केल्या, मौल्यवान वस्तू जप्त झाल्या आणि काही वस्त्रे कापून पडदे-उशा शिवल्या गेल्या. हार्डविक हॉल या इंग्लंडमधील हवेलीतील भव्य पडद्यांत असे जुने धर्मवस्त्रांचे तुकडे आजही दिसतात. 1310–20 च्या सुमाराचा सायन कोप मात्र वाचला, तो परदेशी गेलेल्या मठवासिनींनी जपल्यामुळे. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

लेस या गोष्टीत उशिरा आली. सोळाव्या-सतराव्या शतकांत व्हेनिसची सुईची आणि फ्लँडर्सची बॉबिनची (फिरक्यांवर विणलेली) लेस धर्मगुरूंच्या आल्ब या पांढऱ्या पायघोळ झग्याच्या काठाला लागली. लिननच्या लेसमधून वितळवून काढण्यासारखे सोने नव्हते. झगा विरला की लेस उसवून दुसऱ्याला लावता येई. म्हणून जुन्या आल्बवरील लेस आणि खालचे कापड यांचा काळ वेगवेगळा तपासावा लागतो.