फित्र्याचे अर्धे माप

रमजान संपत आला की अनेक मशिदींच्या दाराशी फित्र्याचा, म्हणजे ईदच्या नमाजाआधी गरिबांसाठी द्यायच्या दानाचा, फलक लागतो. गहू, जव, खजूर, मनुका अशा चार ओळी आणि प्रत्येकीपुढे माणशी रक्कम. गव्हाची रक्कम सर्वांत लहान असते आणि बहुतेक घरांतून तीच दिली जाते. या लहान रकमेमागे तेरा शतकांहून जुना एक निर्णय आहे.

हिजरी सन 2 मध्ये, म्हणजे रोजे फर्ज (बंधनकारक) झाले त्याच वर्षी, फित्रा लागू झाला. लहान-थोर, स्त्री-पुरुष, गुलाम वा स्वतंत्र अशा प्रत्येकामागे एक साअ खजूर किंवा जव ईदच्या नमाजाआधी द्यायचे, असे मूळ माप होते. साअ हे वजन नव्हते. मध्यम बांध्याच्या माणसाच्या चार भरल्या ओंजळी म्हणजे एक साअ. पुढे सिरियाचा गहू मदिनेत येऊ लागला आणि तो खजुराहून महाग होता. तेव्हा हजयात्रेच्या निमित्ताने आलेल्या उमय्या घराण्यातल्या पहिल्या खलिफाने मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) मत मांडले की, या गव्हाच्या दोन ओंजळी खजुराच्या एका साअबरोबर धराव्यात. लोकांनी ते उचलले. परंतु पैगंबरांच्या एका सहाबींनी (सोबत्यांनी), आपण हयात असेपर्यंत पूर्वीइतकाच फित्रा देत राहू, असे स्पष्ट सांगितले. चार सुन्नी पंथांपैकी हनफी पंथाने इतरही रिवायतींच्या (परंपरेने आलेल्या कथनांच्या) आधारे गव्हाचा अर्धा साअ ग्राह्य धरला आणि धान्याऐवजी किंमत देण्यासही मुभा दिली. उरलेल्या तीन सुन्नी पंथांनी गव्हाचाही पूर्ण साअच मानला.

भारतात हनफींची संख्या मोठी असल्याने अर्धे मापच रूढ झाले, पण ओंजळीचे वजन करताना पुन्हा दोन वाटा फुटल्या. एका परंपरेने अर्धा साअ पावणेदोन शेर धरला, तो दशमान पद्धतीत 1.633 किलो झाला. दुसरीच्या हिशेबाने तो 2 किलो 45 ग्रॅमच्या आसपास जातो. एकाच गल्लीतल्या दोन मशिदींचे दर वेगळे दिसतात, ते अनेकदा यामुळेच. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, म्हणजे पूर्ण साअ मानणाऱ्या पंथाचे, म्हणून तिथे रोजच्या जेवणातला तांदूळच पूर्ण साअभर, साधारण अडीच किलो, माणशी मोजला जातो. तान्ह्या बाळाचा वाटाही बाप काढतो.

दोन ओंजळींचा तो हिशेब गहू महाग होता म्हणून बसला होता. आज फलकावरच्या चार जिनसांत गहू स्वस्त आणि मापही अर्धे, त्यामुळे सवलत दुहेरी होते. ईदच्या दिवशी गरिबाला कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये, हा फित्र्याचा हेतू ध्यानात घेतला तर ऐपतदाराने गव्हाच्या दरावर थांबणे पटत नाही. अलीकडे जुम्याच्या बयानांतून (शुक्रवारच्या प्रवचनांतून) सुखवस्तू घरांना खजूर किंवा मनुकांच्या दराने, तेही ईदच्या काही दिवस आधी, फित्रा देण्याचे आवाहन होऊ लागले आहे.