माऊसची सेन्सिटिव्हिटी कशी ठरवावी: व्हॅलोरंट व काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेमिंग माऊस घेताना बहुतेक ग्राहक खोक्यावरील डीपीआयचा आकडा पाहतात. माऊस एक इंच सरकवला असता तो संगणकाला किती संकेत पाठवतो, एवढेच हा आकडा सांगतो. पंचवीस हजारांच्या पुढचे आकडे जाहिरातीत शोभतात, खेळताना मात्र ४०० ते १६०० पुरेसे असतात. असे माऊस आम्हीही विकतो, पण केवळ त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

निशाणा किती वेगाने फिरेल हे डीपीआय आणि गेममधील सेन्सिटिव्हिटी (माऊसच्या हालचालीला गेम किती प्रतिसाद देतो तो आकडा) यांच्या गुणाकारावर ठरते. त्यामुळे व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआयला ०.३५ आणि ४०० डीपीआयला ०.७ यांचा वेग सारखाच, म्हणजे २८० भरतो. व्हॅलोरंटमधील अनुभवी खेळाडू साधारण २०० ते ४०० या टप्प्यात आढळतात. मात्र हा गुणाकार एका गेममधून दुसऱ्या गेममध्ये जसाच्या तसा नेता येत नाही, कारण सेन्सिटिव्हिटी १ असताना एका संकेताला काउंटर-स्ट्राइक ०.०२२ अंश वळते, तर व्हॅलोरंट ०.०७ अंश. डीपीआय तोच ठेवून काउंटर-स्ट्राइकच्या सेन्सिटिव्हिटीला ३.१८ ने भागले की व्हॅलोरंटची मिळते.

यापेक्षा भरवशाचे माप सेंटिमीटरचे आहे. सरावाच्या मैदानात भिंतीवरील एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर (पडद्यावरील निशाण्याचे चिन्ह) ठेवावा, पॅडशेजारी मोजण्याची टेप अंथरावी आणि तीच खूण पुन्हा समोर येईपर्यंत माऊस एका दिशेने सरकवावा. व्हॅलोरंटमध्ये २८० च्या सेटिंगला हे अंतर सुमारे ४७ सेंटिमीटर येते, म्हणजे मागे वळायला सुमारे साडेतेवीस सेंटिमीटर लागतात. ४५ सेंटिमीटर रुंद पॅडच्या मधोमध ठेवलेला माऊस त्यात कडेपर्यंत पोहोचतो. ऑफिसच्या २२ सेंटिमीटरच्या पॅडवर मात्र मधून कडेपर्यंत काटकोनाएवढेही वळता येत नाही. तेव्हा सेन्सिटिव्हिटी कमी करायची असेल, तर नव्या माऊसआधी मोठे पॅड घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्रॉसहेअर वारंवार लक्ष्याच्या पुढे निघून जात असेल तर सेन्सिटिव्हिटी दहा टक्क्यांनी घटवावी आणि वळताना माऊस सतत उचलून ठेवावा लागत असेल तर तेवढीच वाढवावी. एका हरलेल्या सामन्यावरून ती बदलू नये, निदान आठवडाभर तरी हाताला तिची सवय होऊ द्यावी. स्कोपची (बंदुकीवरील दुर्बिणीतून नेम धरतानाची) सेन्सिटिव्हिटी वेगळी असते, ती आधी १ वरच ठेवावी.

विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद ठेवावे. ते चालू असताना माऊस झटक्यात हलवल्यास तेवढ्याच अंतरात पॉइंटर अधिक सरकतो. काउंटर-स्ट्राइक २ सारखे, माऊसचे संकेत थेट वाचणारे गेम या सेटिंगपासून अलिप्त राहतात, परंतु सर्वच गेम तसे नसतात.

सेटिंग अचानक बिघडल्यासारखे वाटले, तर चाकामागील डीपीआयचे बटण चुकून दाबले गेले आहे का, ते आधी पाहावे. माऊस दुकानात आणल्यास त्या बटणावरील नको असलेले टप्पे आम्ही काढून देतो.